देवाचें राज्य : आलेलें कीं यावयाचें ?

भिवंडी शहरांत वऱ्हाळा तलावाजवळ कामतघर नांवाची वस्ती आहे. तेथें यंत्रमागांचा खडखडाट दिवसा चालतो तसाच रात्रींहि चालतो. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण आणि आपल्याच महाराष्ट्रांतील खेडीं सोडून पोटासाठीं आलेलीं माणसें तेथें बारा बारा तासांची पाळी करितात, आणि जितकें कापड विणून उतरेल तितकी मजुरी घेतात. अशा वस्तींत एखादा उपदेशक उभा राहून देवाचें राज्य जवळ आलें आहे असें सांगूं लागला, तर पाळी संपवून आलेला मजूर त्यास सरळ विचारील, "आलें असेल तर दाखवा, कोठें आहे तें?" उपदेशकानें गडबडून, तें राज्य पुढें यावयाचें आहे, असें उत्तर दिलें, तर तोच मजूर म्हणेल, "मग तोंवर माझें काय?"

प्रिय वाचकहो, हे दोन प्रश्न एकट्या कामतघरचे नाहींत. आपल्या खेड्यांतील मंडळ्यांत, कर्जानें गांजलेल्या घरांत, तान्हें मूल पुरून आलेल्या आईच्या मनांत हेच प्रश्न उठतात. त्यांस उडवाउडवीचें उत्तर देणें हें पाप आहे. म्हणून आज ह्या विषयाचा आपण शांतपणें विचार करूं.

प्रथम शब्दाचा अर्थ नीट ध्यानांत घेतला पाहिजे. राज्य म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें सीमा, किल्ले, खजिना व फौज उभी राहते. परंतु शुभवर्तमानांत जो मूळ ग्रीक शब्द आहे, 'बासिलेया', त्याचा मुख्य अर्थ राजाचा अंमल, त्याची सत्ता चालणें, असा आहे. एखाद्या गांवांत खरें राज्य कोणाचें, हें चावडीवरील पाटीवरून कळत नाहीं. तेथें कोणाचा शब्द चालतो ह्यावरून कळतें. तेव्हां देवाचें राज्य कोठें आहे, असें विचारणें म्हणजे देवाचा शब्द कोठें चालतो, असें विचारणें होय.

आतां प्रभु येशूनें ह्याविषयीं काय शिकविलें तें पाहूं. परुश्यांनीं जेव्हां त्यास राज्याच्या येण्याची वेळ विचारली, तेव्हां त्यानें सांगितलें कीं तें डोळ्यांनीं टेहळतां येईल अशा रीतीनें येत नाहीं. तें त्यांच्यामध्यें आहेच (लूक १७). भुतें काढण्यावरून वाद झाला, तेव्हांहि त्यानें सांगितलें कीं हें देवाच्या सामर्थ्यानें घडत असेल तर देवाचें राज्य तुम्हांपर्यंत येऊन पोहोंचलें आहे (लूक ११). ह्यावरून राज्य आलें आहे असें स्पष्ट दिसतें. परंतु त्याच प्रभूनें आपल्या शिष्यांस तें राज्य येण्यासाठीं पित्याजवळ मागण्यास शिकविलें. आणि जें सर्वथा येऊन चुकलें तें कोणी मागत नाहीं. शेवटल्या भोजनाच्या रात्रींहि त्यानें राज्याचें येणें पुढचें म्हणूनच सांगितलें (लूक २२). ह्यावरून राज्य यावयाचें आहे हेंहि तितकेंच स्पष्ट दिसतें.

ह्या दोन प्रकारच्या वचनांवरून मोठमोठ्या पंडितांचेहि दोन पक्ष पडले. आल्बर्ट श्वाइट्झर ह्यांनीं १९०६ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत, येशूचें सारें शिक्षण लवकरच येणाऱ्या राज्याच्या अपेक्षेवर उभारलेलें होतें, असें प्रतिपादन केलें. उलट, इंग्लंडांतील सी. एच. डॉड ह्यांनीं १९३५ सालच्या आपल्या ग्रंथांत, प्रभूच्या दृष्टांतांचा भर राज्य आलेंच आहे ह्यावर आहे, असें दाखविलें. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. राज्य भविष्यकाळचें असें म्हणणारे हे श्वाइट्झर हात जोडून वाट पाहत बसले नाहींत. ते वैद्यकी शिकले आणि १९१३ सालीं आफ्रिकेंतील लांबारेने येथें जाऊन रोग्यांची सेवा करूं लागले. म्हणजे पुस्तकांत पक्ष कोणताहि असो, खरी परीक्षा मनुष्याच्या वागणुकींत होते.

ह्या वागणुकीकडे पाहिलें असतां, दोहोंपैकीं एकच अर्धें धरल्यानें काय हानि होते तें कळून येतें. राज्य केवळ पुढचें, असें मानणारा मनुष्य आजच्या अन्यायाशीं तडजोड करूं लागतो. शेजाऱ्याची मजुरी बुडाली, विधवेचें शेत भाऊबंदांनीं लाटलें, तरी तो म्हणतो, "सोसा, वरती सर्व मिळेल." हें वचन सोसणाऱ्याच्या तोंडीं श्रद्धेचें असूं शकेल, पण ज्यास त्या अन्यायापासून लाभ आहे, किंवा ज्यास भांडण नको म्हणून गप्प बसावयाचें आहे, त्याच्या तोंडीं तें लबाडीचें आहे. दुसऱ्याच्या दुःखाला स्वर्गाचा हवाला देऊन आपण मोकळे होतों. आणि राज्य केवळ आजचें, असें मानणारा मनुष्य दुसऱ्या खाईंत पडतो. आपली मंडळी, आपली शाळा, आपली संस्था म्हणजेच राज्य, असा त्याला गर्व होतो. आणि तीच मंडळी भांडूं लागली, संस्था मोडली, कीं त्याचा विश्वासहि मोडतो. शिवाय जें मूल मेलें, जो मजूर मागाशेजारींच झिजून गेला, त्याच्यासाठीं ह्या मनुष्याजवळ कांहींच शब्द उरत नाहीं.

तर मग एकच राज्य आलेलें आणि यावयाचें असें दोन्ही कसें असूं शकेल? ठाणें जिल्ह्यांतील भातशेती ज्यानें केली आहे त्यास हें समजणें कठीण जाऊं नये. राब भाजून पेरणी होते, आवण उपटून लावणी होते, आणि मग शेतकरी रात्रीं निजतो व सकाळीं उठतो. रोप कसें वाढतें तें त्यास कळत नाहीं. मार्काच्या चौथ्या अध्यायांत प्रभूनें राज्याची उपमा अशाच पेरणाऱ्यास दिली आहे. पुढें दसऱ्याच्या सुमारास हळवें भात कापणीस येतें. त्याच वेळीं शेजारच्या खाचरांत गरवें भात हिरवेंच उभें असतें. हळव्याची पहिली पेंढी घरीं आली म्हणून हंगाम संपला असें कोणी म्हणत नाहीं. आणि गरवें अजून हिरवें आहे म्हणून पीक नाहींच असेंहि कोणी म्हणत नाहीं. पहिली पेंढी ही खरें पीक आहे, आणि उरलेल्या पिकाची साक्षहि आहे. पुनरुत्थित ख्रिस्ताला पौलानें प्रथमफळ म्हटलें तें ह्याच अर्थानें (१ करिंथ १५).

कोणी म्हणेल, भात आपोआप पिकतें, तसें राज्यहि देवच पिकवील. मग मनुष्यानें करावयाचें तें काय? ह्यास आपल्याच कोंकणांतील एक गोष्ट दृष्टांतादाखल सांगतों. १९२३ सालीं मुंबईच्या कायदेकौन्सिलांत सीताराम केशव बोले ह्यांचा ठराव मंजूर झाला, कीं सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या लोकांस मोकळे असावेत. १९२४ सालीं महाडच्या नगरपालिकेनेंहि चवदार तळें खुलें केल्याचा ठराव केला. हक्क मिळाला, पण पाणी कोणी प्यालें नाहीं. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर हजारों लोकांसह त्या तळ्यावर गेले आणि ओंजळीनें पाणी प्याले. त्याबद्दल त्या लोकांनीं मार खाल्ला, आणि तळ्याचें शुद्धीकरणहि करण्यांत आलें. न्यायालयाचा शेवटला निकाल १९३७ सालीं लागला. हा लढा आपल्या मंडळीचा होता असें म्हणण्याचा आपणांस अधिकार नाहीं. परंतु त्यापासून शिकण्यासारखें आहे. जाहीर झालेली गोष्ट पूर्ण होण्याआधीं मध्यें मोठा काळ असतो. आणि त्या काळांत, ती खरी आहे असें मानून जो पाऊल टाकतो, त्याच्या विश्वासालाच अर्थ असतो. राज्य आणणें देवाकडे आहे. आणलेल्या राज्यांत पाऊल टाकणें आपणांकडे आहे.

आतां पुन्हां भिवंडीकडे वळूं. ७ मे १९७० रोजीं शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळीं ह्या शहरांत हिंदु-मुसलमानांचा दंगा पेटला. त्याच्या चौकशीसाठीं न्यायमूर्ति मादन ह्यांचा आयोग नेमावा लागला. १९८४ सालच्या मे महिन्यांत पुन्हां दंगा झाला. दोन्ही वेळां माणसें कापलीं व जाळलीं गेलीं, घरें व माग भस्म झाले. एकाच गल्लींत राहणारे शेजारी एकमेकांचे वैरी झाले. त्या दिवसांत तेथें देवाचें राज्य आलें आहे असें म्हणण्यास कोणाची जीभ उचलली असती?

पुढें १९८८ सालीं सुरेश खोपडे नांवाचे पोलीस अधिकारी तेथें उपायुक्त म्हणून आले. त्यांनीं मोहल्ल्यामोहल्ल्यांत कमिट्या केल्या. एकाच मोहल्ल्यांतील हिंदु व मुसलमान, साधीं माणसें, पोलिसांसह एकत्र बसूं लागलीं. रोजचीं बारीकसारीक गाऱ्हाणीं समोरासमोर बोलूं लागलीं. एकमेकांस नांवानें ओळखूं लागलीं. हें काम दिसण्यांत अगदीं क्षुल्लक होतें. पण डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ ह्या महिन्यांत जवळची मुंबई जळत असतांना, जी भिवंडी दोनदा जळली होती ती शांत राहिली. जीं मुलें त्या वर्षीं मारलीं गेलीं असतीं तीं आज प्रौढ होऊन आपल्या मुलांस शाळेंत धाडीत असतील. तीं कोणतीं, हें कोणासहि सांगतां येणार नाहीं. कारण टळलेल्या मरणाची नोंद कोठेंहि होत नसते.

ह्या शांततेला देवाचें राज्य म्हणावें काय? आपल्यापैकीं पुष्कळांस हा शब्द वापरण्यास संकोच वाटेल. तेथें ख्रिस्ताचें नांव कोणी घेतलें नव्हतें. तें काम पोलिसांचें, आणि हिंदु व मुसलमान शेजाऱ्यांचें होतें. हा संकोच अगदींच अयोग्य नाहीं. मनुष्याच्या प्रत्येक चांगल्या योजनेवर राज्याचा शिक्का मारूं लागलों तर आपण पुन्हां पहिल्याच गर्वांत पडूं. आणि शांतता आली तरी मजुराच्या पाळीचे बारा तास कांहीं त्या शांततेनें कमी झाले नाहींत. तथापि प्रभूनें मेळ करणाऱ्यांस देवाचीं मुलें म्हटलें, तेव्हां त्यांच्या धर्माची चौकशी आधीं केली नाहीं. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायांत ज्यांस राज्याचें वतन मिळतें, त्यांनाच आश्चर्य वाटतें; आपण राजाचीच सेवा करीत होतों हें त्यांस ठाऊकहि नव्हतें. म्हणून आपण इतकें तरी म्हणूं : ती शांतता हें संपूर्ण राज्य नव्हे, परंतु त्या राजाचा शब्द तेथें क्षणभर चालला. ती हळव्या भाताची पेंढी होय.

अशा विचाराचा एक मोठा मनुष्य आपल्याच मंडळींत होऊन गेला. रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांनीं १९१७ सालीं मिशनची पगारी चाकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' नांवाचा बंधुसंघ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांस त्यांत स्थान होतें. दरबार म्हटला म्हणजे तेथें राजा हजर असला पाहिजे. नांवांतच टिळकांनीं आपला विश्वास सांगून ठेविला. ९ मे १९१९ रोजीं ते निवर्तले. दोन वर्षांचें तें रोप मुळें धरण्याआधींच माळ्यावांचून राहिलें. राज्य केवळ आजचें असतें, तर टिळकांचा दरबार फसला असें म्हणून आपणांस गप्प बसावें लागलें असतें. परंतु पूर्णता देवाच्या हातीं आहे. म्हणून प्रभूमध्यें केलेले श्रम अपुरे राहिले तरी व्यर्थ जात नाहींत, असा पौलानें करिंथकरांस धीर दिला आहे.

तर मग कामतघरच्या त्या मजुरास आपण काय उत्तर द्यावें? "आलें असेल तर दाखवा," असें तो म्हणतो. त्याचें हें म्हणणें रास्त आहे, आणि तें व्याख्यानानें फिटणार नाहीं. त्याच्या आजारांत कोणी त्याच्या खोलीवर गेलें काय? त्याच्या मजुरीचा हिशेब चुकला तेव्हां लिहितां येणाऱ्या एखाद्या ख्रिस्ती बंधूनें तो तपासून दिला काय? आपल्या प्रार्थनेच्या चटईवर त्याला जात न विचारतां जागा मिळाली काय? ह्या गोष्टी असतील तर उपदेशकानें त्यांकडे बोट दाखवावें. नसतील तर त्यानें आधीं तोंड मिटावें आणि हात उघडावा. आणि "मग तोंवर माझें काय?" ह्या दुसऱ्या प्रश्नास उत्तर असें, कीं तोंवर आम्ही तुझ्याबरोबर आहों, आणि तुझे जे श्रम, जें दुःख आम्हांस भरून काढतां आलें नाहीं, तें राजा विसरलेला नाहीं. हें दुसरें उत्तर देण्याचा अधिकार ज्यानें पहिलें उत्तर हातांनीं दिलें आहे त्यालाच आहे.

बंधुभगिनींनो, उद्यां राजा येणार आहे हें ज्या गांवास खरोखर ठाऊक असतें, तें गांव आजच रस्ता झाडूं लागतें. जो झाडीत नाहीं त्यानें ती बातमी ऐकली असेल, पण मानली नाहीं. येत्या रविवारीं आपण पुन्हां एकत्र मिळून राज्याच्या येण्यासाठीं प्रार्थना करूं. त्या वेळीं प्रत्येकानें मनांत एक तरी ठिकाण आठवावें, आपल्या घरांतील, शेतांतील किंवा भाऊबंदकींतील, जेथें अजून आपलाच शब्द चालतो; आणि तेथें त्या राजाचा शब्द आजपासून चालूं द्यावा. देव आपणां सर्वांस तशी बुद्धि व बळ देवो.