साठा कुणाच्या दारात?

हेन्री फोर्ड यांनी डेट्रॉइटजवळ रिव्हर रूजचा कारखाना उभारला, तेव्हा कुणावर अवलंबूनच राहायचं नाही असा त्यांचा हिशेब होता. एका टोकाला खनिज लोखंड उतरवायचं आणि दुसऱ्या टोकाने मोटार बाहेर काढायची. रबरासाठी त्यांनी ब्राझीलच्या जंगलात वसाहतही वसवली, ती फसली.

दुसऱ्या महायुद्धानंतर टोयोटाकडे ना एवढा पैसा होता, ना जागा. ताइइची ओनो यांनी अमेरिकी सुपरमार्केटची रीत हेरली: गिऱ्हाईक जेवढं उचलेल तेवढंच फळीवर पुन्हा ठेवायचं. त्यातून कानबान आलं. सुट्या भागांच्या पेटीबरोबर एक कार्ड असतं. त्यावर भागाचा क्रमांक, नग किती, कुठून आणायचे, कुठे पोचवायचे. पेटीतला माल वापरला गेला की कार्ड मागे जातं आणि तेवढाच माल नव्याने बनतो. साठा कमी केला की चुकांना लपायला जागा उरत नाही, ही त्यातली खरी मेख.

१९६१ मध्ये एमआयटीच्या जे फॉरेस्टर यांनी दाखवून दिलं, की दुकानातली मागणी जराशी हलली तरी घाऊक व्यापारी, गोदाम असं करत कारखान्यापर्यंत पोचेतो तिचे मोठे हेलकावे होतात. प्रत्येकाने आपापल्यापुरतं पाहून भागत नाही, हे तेव्हाच कळायला हवं होतं. ‘सप्लाय चेन मॅनेजमेंट’ हे नाव रुजायला मात्र १९८२ नंतरचा काळ यावा लागला.

१ फेब्रुवारी १९९७ च्या पहाटे जपानमधल्या कारियात आयसिन सेइकी या टोयोटाच्या पुरवठादाराच्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या ब्रेकमधला एक छोटा व्हॉल्व्ह जवळजवळ सगळा तिथेच बनायचा आणि टोयोटाकडे साठा काही तासांपुरताच होता. जपानमधल्या बहुतेक लाइन बंद पडल्या. आयसिनने ड्रॉइंग खुली केली आणि २०० च्या आसपास कंपन्या कामाला लागल्या; शिलाई यंत्रं बनवणाऱ्या ब्रदरनेही आपल्या मशिनवर व्हॉल्व्ह काढले. पैशांची घासाघीस आधी कुणी केली नाही. आठवडाभरात गाड्या पुन्हा निघू लागल्या. इतक्या कमी साठ्यावर चालायची हिंमत टोयोटाला या संबंधांच्या जोरावरच झाली, असं मी मानतो.

२०११ च्या भूकंपाने चिपचा एक मोठा कारखाना बंद पाडला, तेव्हा त्याच टोयोटाने पुरवठादाराच्याही पुरवठादारांची माहिती गोळा केली आणि चिपचा दोन ते सहा महिन्यांचा साठा ठेवायला लावला.

आपल्याकडे पुण्याजवळच्या भोसरी-चाकणला यातलं ‘वेळेवर माल’ तेवढं चटकन उचललं गेलं. मोठ्या कंपनीच्या ताळेबंदातून गेलेला साठा अनेकदा लहान व्हेंडरच्या शेडमध्ये जाऊन बसतो, बिनमध्ये भरून, त्याच्या कॅश क्रेडिटच्या व्याजावर. ऐन महिन्यात शेड्यूल बदललं तर तयार माल त्याच्या अंगावर, लाइन थांबली तर दंडही त्याला. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असं २००६ चा कायदा सांगतो. तरी थकबाकी राहिलीच, म्हणून आयकराचा दट्ट्या जोडावा लागला: मुदत टळली तर प्रत्यक्ष पैसे दिल्याशिवाय तो खर्च वजा मिळत नाही. टोयोटाकडून काही घ्यायचंच असेल, तर आधी व्हेंडरला न बदलणारं शेड्यूल द्यावं, बिल मुदतीत चुकतं करावं, आणि मगच त्याच्या टेम्पोने सकाळी किती वाजता गेटवर यायचं ते ठरवावं.