बापाने बसवलेली प्रार्थना

आजचे वाचन : इफिस 6:1-4

आमच्या घरी रात्री आठला कौटुंबिक प्रार्थना असते. काल माझा सोळा वर्षांचा मुलगा म्हणाला, "पप्पा, तुम्ही बसवता म्हणून बसायचं, त्याला काय अर्थ?" मी ओरडलो. यहोशवा 24:15 त्याच्या तोंडावर फेकलं: मी नि माझं घराणं! तो येऊन बसला. मान खाली, ओठ बंद. प्रार्थना झाली, पण कुणाची?

सकाळी हा भाग वाचला. मुलांना आज्ञा देऊन पौल थांबत नाही. लगेच बापांकडे वळतो आणि मुलांना चिडवू नका म्हणतो.

आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक आठवल्या. 1895 मध्ये मुंबईत ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा झाला आणि इकडे बाईंवर आभाळ कोसळलं. काही वर्षांनी त्या नगरला त्यांच्याजवळ राहायला आल्या, पण आपलं सोवळं सांभाळून. त्या काळचा नवरा! एका शब्दात सगळं मोडू शकला असता. टिळकांनी वाट पाहिली. (स्वभावाने ते तापट, हे 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यांना ठाऊकच आहे. म्हणून तर मला धीर येतो.) 1900 मध्ये बाईंनी आपणहून बाप्तिस्मा घेतला. पुढे टिळकांचं अपुरं 'ख्रिस्तायन' त्यांनीच पूर्ण केलं.

मग बापाने सोडूनच द्यायचं का? मुलांना आवरलं नाही म्हणून देवाने एलीला दोष दिला (1 शमुवेल 3:13). पण एलीची मुलं पाप करत होती. माझा तर प्रश्न विचारत होता.

आज आठला चटई मी घालणार. आधी त्याची माफी मागणार. तो बसेल की नाही, माहीत नाही.