नातसून

सावर्ड्याच्या त्या घरात मिझोरामची सून आली तेव्हा कोणी आदळआपट केली नाही. दोघेही मुंबईत एकाच इस्पितळात कामाला, लग्न नोंदणी पद्धतीनं झालेलं. सासूनं हिरवा चुडा भरला, आजीसासूनं मोदकाच्या कळ्या पाडायला शिकवल्या. घरात तिला कमी काही नव्हतं.

गणपतीच्या आदल्या दिवशी दोघं बाजारपेठेत गेली. नारळ मोजता मोजता दुकानदार नवऱ्याला म्हणाला, "काय रे, चायना माल कुठनं आणलास?" आजूबाजूची माणसं हसली. तोही हसला.

घरी आल्यावर ती पडवीत गप्प बसून राहिली.

"चेष्टा केली गं त्यानं. इथली माणसं साधी आहेत."

"असतील. 2020 साली मुंबईत मला रस्त्यात कोरोना म्हणून हाका मारायचे, तेव्हाही लोक हसायचे. पण त्यांच्यात तू नव्हतास."

त्याला वाटलं, ही उगाच मनाला लावून घेते. अशा घरांत खरी अडचण इथंच असते. तो तिच्यावर जीव टाकत होता, पण तिच्या चेहऱ्याकडे लोक कसे बघतात हे त्याला स्वतःच्या अंगावर कधीच सोसावं लागलं नव्हतं.

आजी आतून ऐकत होती. तिचं माहेर रत्नागिरीचं. थिबा राजाची गोष्ट तिला पाठ. इंग्रजांनी ब्रह्मदेश घेतला आणि 1886 मध्ये राजाला रत्नागिरीत आणून ठेवलं. तिथंच 1916 मध्ये तो गेला. त्याच्या थोरल्या लेकीचा जीव राजवाड्यातल्या नोकरावर, गोपाळ सावंतावर जडला. त्याचं लग्न आधीच झालेलं. दोघांना मुलगी झाली, टुटू. राजाचं कुटुंब 1919 मध्ये मायदेशी परतलं, पण ही राजकन्या पोरीला घेऊन पुन्हा रत्नागिरीला आली आणि 1947 मध्ये गरिबीतच वारली.

"टुटूला मी पाहिलंय," आजी नातवाला म्हणाली. "आपल्यासारखंच मराठी बोलायची. पवारांच्या घरात पोरंबाळं वाढवली तिनं. तरी लोक तिला बघायलाच यायचे. तिच्या आईला तर उंबऱ्याच्या आत घेणारं घरच नव्हतं. तू हिला मानानं घरात आणलीस ना? मग बाजारात हात का सोडलास?"

तो काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी गणपती बसले. आरतीला घर भरलेलं. नातसुनेला पाचवा महिना. मुंबईहून आलेल्या आत्येनं तिच्या पोटाकडे बघत सगळ्यांदेखत म्हटलं, "पोर आपल्यावर जाऊ दे रे बाप्पा, डोळेबिळे तरी नीट येतील."

त्याच्या हातात टाळ होते. ते त्यानं खाली ठेवले.

"आत्ये, तिचे डोळे नीटच आहेत. पोर तिच्यावर गेलं तर मला आनंदच आहे. हे पुन्हा बोलू नकोस."

"मी काय वाईट बोलले? आता माहेरात तोंड उघडायची चोरी!"

"तिचंही हे घर आहे, आत्ये."

आरती झाली, पानं मांडली, पण आत्या फुगून माजघरात जाऊन बसली. सासू तिला समजवायला निघाली तशी आजीनं हाक मारली. आत्या म्हणजे तिच्याच पोटची लेक.

"राहू दे. भूक लागली की येईल. तू आधी पोटुशीला वाढ."