थकवा माणसाचा, दोष कामाच्या रचनेचा

१८८० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत उजाडलं की काम सुरू व्हायचं आणि अंधार पडला की थांबायचं. आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. १८८४ मध्ये कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचं निवेदन सरकारच्या फॅक्टरी कमिशनला दिलं. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार १५ तारखेच्या आत आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार, अशा त्यातल्या मागण्या होत्या. त्यांचा सगळा रोख गिरणी कशी चालवावी याकडे आहे. कामगाराने आणखी काटक व्हावं, हा उपाय त्यांत कुठेच नव्हता. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली आणि पुढच्याच वर्षी साप्ताहिक सुट्टी कायद्यात आली.

तरीही विश्रांती म्हणजे मालकाचं नुकसान, ही समजूत टिकून राहिली. तिला धक्का बसला तो पहिल्या महायुद्धात, ब्रिटनच्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत. तिथे रविवारीही पाळ्या चालत. १९१५ मध्ये सरकारने कामगारांच्या आरोग्यासाठी समिती नेमली. तिच्यासाठी एच. एम. व्हर्नन यांनी कामाचे तास आणि तयार होणारा माल यांचा ताळा घातला. तास बरेच कमी केले तरी उत्पादन घटत नव्हतं, काही कामांत तर ते वाढत होतं. जादा तासांचा मोठा भाग थकलेल्या हातांनी नुसताच रेटला जात होता.

इथवर थकवा शरीराचा होता. १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने ‘बर्नआउट’वर, म्हणजे कामाने मनही थकून जाण्यावर, लेख लिहिला, तो न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्याच्या अनुभवावर. दिवसा स्वतःची प्रॅक्टिस आणि रात्री उशिरापर्यंत दवाखाना, अशी त्याची स्वतःचीही ओढाताण चालली होती. त्याने नोंदवलेली गोष्ट मला फार मोलाची वाटते: आधी कोसळतात ते जीव ओतून काम करणारे. पुढे मानसशास्त्रज्ञ ख्रिस्टिना मास्लाक यांनी या अवस्थेची तीन लक्षणं मांडली. माणूस आतून रिकामा होतो, ज्यांच्यासाठी राबतो त्यांच्याबद्दलच कोरडा होतो आणि आपल्या हातून काही होतच नाही असं त्याला वाटू लागतं. याची कारणं शोधताना मास्लाक आणि मायकेल लायटर यांनी कामाच्या जागेकडे बोट दाखवलं: कामाचा बोजा, त्यावर आपलं किती चालतं, मोबदला, सहकारी, न्यायाची वागणूक आणि मूल्यं. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही बर्नआउटला आजार न म्हणता, नीट न हाताळलेल्या कामाच्या ताणाचा परिणाम म्हटलं.

म्हणजे शंभराहून अधिक वर्षांनी विज्ञान लोखंड्यांच्या निवेदनापाशी येऊन पोहोचलं. आपली ऑफिसं मात्र उलट्या दिशेने निघाली आहेत. वर्षातून एकदा ताणमुक्तीचं सेशन होतं आणि त्याच रात्री अकरा वाजता ग्रुपवर मेसेज येतो, “सकाळपर्यंत जरा बघून ठेव.” ध्यान, प्राणायाम, व्यायाम चांगलेच आहेत, पण दोघांचं काम एकावर टाकल्यावर त्यांचा सल्ला देणं म्हणजे दोष पुन्हा माणसाच्याच माथी मारणं आहे.

काम दुसऱ्याकडे नीट कसं सोपवावं, हे रुग्णालयाचा वॉर्ड शिकवतो. पाळी बदलताना नर्स दुसरीला एकेका खाटेपाशी नेऊन सांगते: सलाईन किती उरलंय, पुढचं इंजेक्शन कधी, रात्री कोणाकडे जास्त लक्ष हवं. मग रुग्णाची जबाबदारी दुसरीकडे जाते. कमी मनुष्यबळामुळे नर्सेसही पिचतात, पण निदान घरी जाताना काम कोणाच्या हातात दिलं हे त्यांना माहीत असतं. ऑफिसातल्या किती जणांना हे सांगता येईल?

सामाजिक संस्थांना तर ही शिस्त सगळ्यात जास्त हवी. तिथले कार्यकर्ते ध्येयापोटी स्वतःहून “आता पुरे” म्हणत नाहीत, म्हणून ते संस्थेनेच म्हणायला हवं. नवं काम देणाऱ्याने कोणतं जुनं काम बाजूला ठेवायचं तेही त्याच वेळी सांगावं. सुट्टीवर गेलेल्याचं काम कोण पाहणार, हे तो निघण्याआधी ठरावं. अंगावर पडेल तेवढं निमूट ओढणाऱ्याचा सत्कार थांबवावा आणि त्याच्या अंगावर एवढं पडलं कसं, याचा जाब काम वाटणाऱ्याला विचारावा.