मोहाखालची आग

(गडचिरोलीतलं एक गाव, मार्चअखेर. वणवा विझून दोनच दिवस झालेत. मामा निवृत्त वनरक्षक. भाची ग्रामसभेच्या वनसमितीची सचिव.)

मामा : पंच म्हणून सही केलीस, आणि पंचनाम्यात आग लावणारा ‘अज्ञात’? ठाऊक आहे की तुला.

भाची : सगळ्या गावाला ठाऊक आहे. तिनं मोहाखालचा पाचोळा पेटवला. काळ्या जमिनीवर पिवळसर फुलं झटकन दिसतात, वेचायला सोपी जातात. तिची आईही तेच करायची. तुम्ही नोकरीत असताना किती जणींवर गुन्हा नोंदवलात?

मामा : एकीवरही नाही. तेव्हा आग झाडाच्या घेराबाहेर फारशी जायचीच नाही. पाचोळा सकाळी दमट असायचा.

भाची : आता आठ वाजताच पायाखाली चुरचुरतो. 2022 चा मार्च देशात 1901 पासूनचा सर्वांत उष्ण ठरला. हात तोच, काडीही तीच. हवा तेवढी बदलली, आणि ती काही तिनं तापवली नाही. तिच्या घरी साधी सायकल नाही.

मामा : तापवली नाही, कबूल. पण तापलीय हे तिला कळत होतं ना? चार घरांचा मोह करपला, चारोळीची रोपं गेली. त्या बायकांना काय कार्बनचा हिशेब सांगणार आहेस?

(माझ्या मते मामांचा हा मुद्दा सर्वांत बळकट. भाचीनं त्याला थेट उत्तर दिलं नाही.)

भाची : नाव दिलं तर ती एकटीच अडकेल असं वाटतं? 1927 च्या वन कायद्याचं कलम 26 बघा. राखीव जंगलात कुणी मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणानं आग लावली, तर सरकार तिथले चराईचे, वनोपजाचे सगळेच हक्क काही काळ थांबवू शकतं. म्हणजे त्या चार घरांचेही.

मामा : 2006 च्या वनहक्क कायद्यानं तुम्हाला गौण वनोपजाची मालकी दिली, जंगल राखायचं कामही दिलं. मालकी हवी, चौकशी नको, हे कसं जमणार?

भाची : चौकशी ग्रामसभा करेल. भरपाई सगळं गाव देईल.

मामा : गाव का? काडी तिची.

भाची : फुलं झेलायच्या हिरव्या जाळ्या आणल्या होत्या, म्हणजे पाचोळा जाळावाच लागू नये. पुरल्या नाहीत. गावालगतच्या झाडांना आधी दिल्या. तिची झाडं नाल्यापलीकडे. समितीच्या यादीत ती शेवटी.

मामा : मग ‘अज्ञात’ खोड आणि समितीचं नाव घाल.

भाची : घातलं, तरी कलम 26 आहेच की.