आठ मिनिटांत केदारनाथ



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय तिसरा, श्लोक 10 ते 16. आधी ते वाचून घ्या, मग खाली या. सातच श्लोक आहेत, पाच मिनिटंही लागणार नाहीत.

परवा रात्री माझ्या मावसभावाचा फोन आला. वय 26, हिंजवडीत नोकरी, रोज सकाळी आंघोळीनंतर रुद्र लावणारा मुलगा. म्हणाला, "ताई, मे महिन्यात केदारनाथ करतोय. शुक्रवारी रात्री विमान, मंगळवारी परत ऑफिस. हेलिकॉप्टरचा स्लॉट मिळाला की झालं. पण एक सांग, विमानांमुळे हिमनद्या वितळतात असं सगळीकडे वाचतोय. मग मी महादेवाला भेटायला जातोय की त्याचं घर वितळवायला?"

चेष्टेत विचारल्यासारखं केलं त्याने, पण प्रश्न खरा होता. मी म्हटलं, दोन दिवस दे. ते दोन दिवस याच सात श्लोकांपाशी गेले.

या श्लोकांत भगवंत एक चाक दाखवतात. प्रजापतीने माणसं घडवली, तेव्हा सोबतच यज्ञही घडवला. तुम्ही देवांना द्या, देव तुम्हाला देतील. अन्नातून जीव, पावसातून अन्न, यज्ञातून पाऊस आणि कर्मातून यज्ञ. चाक फिरत राहतं, कारण प्रत्येक जण घेतो आणि प्रत्येक जण परत देतो. मग भगवंत एकदम कडक शब्द वापरतात. जो नुसतं घेतो आणि परत काहीच देत नाही, त्याला ते सरळ चोर म्हणतात. अज्ञानी किंवा कमकुवत असं काही सौम्य म्हणत नाहीत. आणि जो फक्त स्वतःपुरतं शिजवतो, तो अन्न नाही, पाप खातो, असंही सांगतात.

माझ्या आजीला गीता वाचता येत नव्हती. पण पहिली भाकरी गाईला आणि शेवटची कुत्र्याला, हा तिचा नेम होता. घरात पीठ कमी असलं तरी भाकऱ्या लहान व्हायच्या, गाईची चुकायची नाही. हे चाक तिला बरोबर कळलेलं होतं.

आता एक गोष्ट आधीच सांगते. या श्लोकांत कार्बन डायऑक्साइड शोधत बसू नका. "आपल्या ऋषींना सगळं आधीच माहीत होतं" छापाचे मेसेज फिरतात, त्यांनी ना विज्ञानाचं भलं होतं ना गीतेचं. हवामान का बदलतंय हे सांगायला गीता नाहीच. ते शास्त्रज्ञांनी मोजून सांगितलंय. गीता सांगते ते वेगळं : घेणारा कोण, आणि देणं कोणाच्या अंगावर पडतं.

मोजलेलं काय आहे ते थोडक्यात बघू. दगडी कोळसा, तेल, वायू. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांनी आणि सूक्ष्म जीवांनी हवेतून घेतलेला कार्बन जमिनीखाली साठून राहिला होता. तो आपण दोन-अडीचशे वर्षांत उकरून जाळायला काढला. कारखाने सुरू होण्याआधी हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे साधारण 280 भाग होते, आज ते 420 च्या वर आहेत. त्यात जंगलतोड, सिमेंट, जनावरांचा आणि भातखाचरांचा मिथेन. पृथ्वीभोवतीचं पांघरूण जाड झालं आणि उष्णता आत अडकायला लागली. 2024 हे नोंदींमधलं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. कारखान्यांपूर्वीच्या काळापेक्षा जवळपास दीड अंशाने जास्त.

यात पर्यटनाचा वाटा किती? 2018 मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात फक्त विमानं नाही, तर हॉटेलं, जेवण, खरेदी असं सगळं धरलं होतं. उत्तर आलं जगाच्या एकूण उत्सर्जनाच्या साधारण 8 टक्के. नुसत्या विमानांचा कार्बन डायऑक्साइडमधला वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास. म्हणजे केदारनाथची हिमनदी माझ्या भावाच्या विमानाने वितळते, असं म्हणणं खोटं होईल. वीजकेंद्रं, कारखाने, मोटारी यांचा वाटा कितीतरी मोठा आहे. पण अडीच टक्के वाचून सुस्कारा टाकू नका. जगातली बहुतेक माणसं वर्षभरात एकदाही विमानात बसत नाहीत. हे अडीच टक्के अगदी थोड्या लोकांचे आहेत, आणि हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण त्या थोड्यांमध्ये आहेत. मी तर आहेच.

आणि देणं कोणाच्या अंगावर पडतं? हिमालयाकडे बघा. हिंदुकुश-हिमालयातल्या हिमनद्या 2011 ते 2020 या दशकात आधीच्या दशकापेक्षा 65 टक्के जास्त वेगाने वितळल्या. हवा एक अंशाने तापली की ती साधारण 7 टक्के जास्त बाष्प धरू शकते, म्हणून कोसळते तेव्हा जास्त कोसळते. त्यात डिझेलची, लाकडाची, वणव्यांची काजळी बर्फावर बसते. पांढरा बर्फ ऊन परतवतो, काळवंडलेला बर्फ ते पितो.

16 आणि 17 जून 2013. तुमच्यातले बरेच जण तेव्हा शाळेत असतील. पाऊस लवकर आणि बेफाम आला. मंदिराच्या वरच्या अंगाला चोराबारी हिमनदीजवळचा तलाव पावसाने आणि वितळलेल्या बर्फाने भरला, त्याचा दगडमातीचा बांध फुटला. मंदिर उभं राहिलं, मागे अडकलेली मोठी शिळा आपण सगळ्यांनी फोटोत पाहिली आहे. पण वाटेवरचं रामबाडा हे ठाणं पुसलं गेलं. उत्तराखंडात त्या दिवसांत पाच हजारांहून जास्त माणसं गेली. यात्रेचा हंगाम भरात होता आणि नदीच्या अगदी काठापर्यंत लॉज, धर्मशाळा, दुकानं उभी होती. म्हणजे एका बाजूने तापलेल्या हवेतला पाऊस आणि दुसऱ्या बाजूने आपण नदीच्या अंगणात बांधलेली घरं. 5 ऑगस्ट 2025 ला गंगोत्रीच्या वाटेवरचं धराली असंच चिखल-दगडांच्या लोंढ्याखाली गेलं. तिथेही ओढ्याने आणून टाकलेल्या गाळाच्या जमिनीवर हॉटेलं आणि होमस्टे होते. त्या वेळी महाराष्ट्रातलेही यात्रेकरू तिकडे अडकले होते, आठवत असेल.

आपण मात्र "महादेवाने मंदिर वाचवलं" एवढंच सांगतो आणि फोन खाली ठेवतो. मंदिर वाचलं याचा आनंद मलाही आहे. पण ज्यांची माणसं गेली त्यांच्यासमोर हे वाक्य म्हणून दाखवायची हिंमत माझ्यात नाही.

हे एवढ्या ठामपणे म्हणते, कारण एकदा तसं माणूस समोर आलं होतं.

2019 च्या मे महिन्यात मी आईला घेऊन केदारनाथला गेले होते. तिचे गुडघे गेलेले, म्हणून फाट्याहून हेलिकॉप्टर. आठ मिनिटं. आई डोळे मिटून जप करत होती आणि मी व्हिडिओ काढत होते. वर उतरलो आणि आईला धाप लागली. साहजिक होतं. 3,500 मीटरच्या वर शरीराला आठ मिनिटांत नेलं की ते तक्रार करतंच. दर्शन झालं. आई गाभाऱ्यात रडली, मीही रडले. ते खरं होतं, त्याच्यावर मी आज पाणी ओतणार नाही.

परतताना ढग आले आणि उड्डाणं बंद झाली. आईला घोड्यावर बसवलं आणि मी चालत निघाले. घोडेवाला एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा, खालच्याच खोऱ्यातला. वाटेत एक खेचर पडलेलं होतं. लोक त्याला वळसा घालून जात होते. काही जण त्याच जागी थांबून चिप्स खात होते. मी त्या मुलाला विचारलं, 2013 ला तू कुठे होतास? म्हणाला, गावात, शाळेत. काका रामबाड्याला दुकानात होते. मग बराच वेळ तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने समोरच्या कड्याकडे बोट दाखवून म्हणाला, लहानपणी या दिवसांत तिथे बर्फ असायचा. वर एक हेलिकॉप्टर गेलं, ढग थोडे फाटले असतील. घोडा बिचकला. त्याने आधी आईचा पाय धरला, मग लगाम.

त्या मुलाच्या घरात विमान नाही, गाडी नाही, एसी नाही. चाकातून त्याने घेतलं किती? आणि त्याच्या घरातून गेलं किती? "चोर" हा शब्द मला त्या उतारावर पहिल्यांदा कळला. पाठ तर तो शाळेत असल्यापासून होता.

मग जाऊच नये का? हे म्हणणं सोपं आहे, आणि घोडेवाल्याला ते परवडणारं नाही. मंदिर वर्षातून सहा महिने उघडं, त्या सहा महिन्यांत त्याचं वर्ष निघतं. 2023 च्या हंगामात एकट्या केदारनाथला एकोणीस लाखांच्या वर माणसं गेली. ती उद्या शून्यावर आली तर ते खोरं उपाशी राहील. म्हणून "घरीच बसा, देव मनात असतो" हे उत्तर मला अर्धवट वाटतं. देव मनात असतो हे खरंच आहे, पण ते आपल्याला केदारनाथच्या वेळीच आठवतं, बालीच्या वेळी आठवत नाही.

हेच मी भावाला विचारलं. गेल्या वर्षी तू बालीला गेलास. मुंबई–डेहराडूनच्या जवळपास चौपट अंतर. गोव्याला तीनदा, त्यातलं दोनदा विमानाने. तेव्हा हा प्रश्न का नाही पडला? देवाच्या दारात गेल्यावरच हिशोब का काढतोस?

गप्प बसला.

ज्ञानोबामाऊलींनी या श्लोकांवर लिहिताना यज्ञाला होमकुंडातून बाहेर काढलं. ज्याच्या त्याच्या वाट्याला आलेलं काम मनापासून करणं, स्वधर्म पाळणं, हाच यज्ञ असं त्यांनी सांगितलं. मग प्रवाशाचा स्वधर्म काय? वारीकडे बघितलं की थोडा अंदाज येतो. आळंदीहून पंढरपूर, अडीचशे किलोमीटरच्या आसपास, पायी. तिथे अंतराची किंमत वारकरी स्वतःच्या पायांनी चुकवतो, दुसऱ्याच्या छपरावर टाकत नाही. (वारीचं सगळंच निर्मळ असतं असं नाही. मागून येणारे ट्रक, पत्रावळ्या, चंद्रभागेचं पाणी, हे मीही पाहिलंय. त्यावर वेगळं लिहावं लागेल.)

पंचविशीतल्या धडधाकट माणसाला पाय दिलेत. माझ्या आईला गुडघे नव्हते, तिने हेलिकॉप्टर घेतलं त्यात मला आजही चूक वाटत नाही. चूक माझी होती. मी तिच्या गुडघ्यांच्या आड लपून बसले आणि व्हिडिओ काढला. तिच्यासोबत कोणीतरी हवं होतं हे खरं, पण दादा होता सोबत. तो तिच्याजवळ बसला असता, मी चालले असते.

"मग झाडं लावू का? तिकीट काढताना दोनशे रुपये भरले की कार्बन भरून निघतो म्हणे," भाऊ म्हणाला. झाड लाव, जरूर लाव. पण झाडाला वाढायला वीस वर्षं लागतात आणि विमानाला दोन तास. दोनशे रुपयांत मन हलकं होतं, हवा होत नाही. पूर्वी लोक दान देऊन पाप फेडल्याचं समाधान मिळवायचे, त्याचंच हे नवं ॲप आहे असं मला वाटतं. चुकत असेन तर सांगा.

त्यापेक्षा कमी वेळा जा, आणि गेलास की जास्त दिवस राहा. मुंबईहून हरिद्वारला थेट रेल्वे आहे, एका माणसामागे रेल्वेचं उत्सर्जन विमानापेक्षा कितीतरी कमी. चार दिवसांच्या ऐवजी दहा दिवस काढ, आणि त्यासाठी बाकीच्या दोन सुट्ट्या सोड. नदीला चिकटून असलेल्या हॉटेलात उतरू नकोस, वरच्या अंगाला गावातल्या घरात राहा, तिथे दिलेले पैसे त्याच खोऱ्यात राहतात. केदारनाथच्या वाटेवर 2022 पासून पाण्याच्या बाटल्यांवर क्यूआर कोड लावायला सुरुवात झाली. बाटली परत केली की 10 रुपये अनामत परत मिळते. मला ती योजना फार आवडते. घेतलंस ते परत दे, एवढंच तर भगवंत म्हणतात, तेही दहा रुपयांत शिकायला मिळतं. आणि परत आल्यावर ऑफिसात, सोसायटीत, मतदान करताना वीज कुठून येते हे विचारत राहा. मोठं देणं तिथे आहे. फक्त यात्रेत सात्त्विक होऊन ते फिटणार नाही.

काल रात्री त्याचा परत फोन आला. सुट्टी दहा दिवस नाही, आठच दिवस मिळाली. हरिद्वारचं तिकीट काढलंय, वेटिंग 41. परतीला विमानच, कारण सोमवारी त्याचं रिलीज आहे. हेलिकॉप्टर नाही. "चालताना पाय गेले तर तुझ्या नावाने बोंब मारीन," म्हणाला. मी म्हटलं, माझ्या नावाने नको, शंभूच्या नावाने मार.

वेटिंग कन्फर्म झालं की सांगते. उद्या श्लोक 17 पासून पुढे.

राम कृष्ण हरी.