पडून राहणें हें कर्तव्य असूं शकतें काय?

एखाद्याचा हात मोडला तर त्याच्या पट्टीकडे पाहून सारा गांव त्यास क्षमा करितो. परंतु ज्याच्या अंगावर जखम नाहीं, ज्याचा ताप उतरला आहे, जो दोन वेळां जेवतो, आणि तरीही ज्याच्यानें विहिरीवरून घागर आणवत नाहीं, त्याविषयीं शेजारी काय बोलतात हें वाचकांस सांगावयास नको. त्याहून कठीण हें कीं, त्याचें स्वतःचें मनच त्याचा पहिला फिर्यादी असतें. अशानें उठावें कीं पडून राहावें?

मार्क कॅव्हेंडिश हा सायकलस्वार १९८५ सालीं मॅन बेटावर जन्मला. फ्रान्स देशांत दर वर्षीं सुमारें तीन आठवडे चालणारी सायकलींची मोठी शर्यत होते; तिचे ३० टप्पे त्यानें २०१६ सालापर्यंत जिंकले होते. २०१७ च्या एप्रिलांत त्यास एप्स्टाइन-बार विषाणूची बाधा झाल्याचें निदान झालें. हा विषाणू लाळेवाटे पसरतो, व बहुतेक प्रौढ माणसांच्या शरीरांत तो जन्मभर निजून असतो. लहानपणीं त्याची बाधा पुष्कळदां कळतही नाहीं. तरुणपणीं झाली तर ताप येतो, घसा दुखतो, मानेच्या गांठी सुजतात, प्लीहा वाढते, आणि कित्येकांचा थकवा महिनोन्महिने जात नाहीं. त्यावर खास औषध नाहीं. विश्रांति घ्यावी आणि वाट पाहावी, इतकेंच.

कॅव्हेंडिश त्याच जुलैत पुन्हां शर्यतीस उतरला आणि चौथ्या दिवशीं पडून खांद्याचें हाड मोडून बसला. पुढल्या वर्षीं डोंगरांतील एका टप्प्यावर तो ठरलेल्या वेळेंत पोहोंचला नाहीं, म्हणून बाद झाला. ऑगस्ट २०१८ मध्यें तोच आजार पुन्हां आढळला व त्यास पूर्ण विश्रांति घेण्यास सांगण्यांत आलें. त्या काळांत मनाच्या विषण्णतेनेंही आपणांस घेरलें होतें, असें त्यानें पुढें स्वतः सांगितलें.

शरीर कुरकुरलें तरी थांबावयाचें नाहीं, ह्याच गुणानें तो मोठा झाला होता. आतां तोच गुण त्याचा वैरी ठरला. आपण उद्योगास पुण्य व विसांव्यास आळस म्हणतों, पण रोग्याच्या घाईंत उद्योगाची प्रीति किती आणि लोकांच्या जिभेचें भय किती? माझ्या मतें भयच अधिक असतें. आळशास अंथरूण गोड लागतें आणि रोग्यास तें कडू लागतें, ही कसोटीही पुरी नाहीं. पुष्कळ दिवसांनीं अंथरूण खऱ्या रोग्यासही गोड लागूं लागतें. ज्या आज्ञाधारकपणानें निजला त्याच आज्ञाधारकपणानें सांगतील त्या दिवशीं तो उठतो काय, हें पाहावें. दुखणाइतांच्या भेटीस जाणाऱ्या उपदेशकबंधूंनीं “आतां बरे दिसतां!” हें वाक्य जपून वापरावें. त्यांत पुष्कळदां आरोप असतो.

२०२१ सालीं कॅव्हेंडिशनें त्याच शर्यतीचे चार टप्पे जिंकून एडी मर्क्स ह्याच्या ३४ टप्प्यांशीं बरोबरी केली, आणि ३ जुलै २०२४ रोजीं, वयाच्या ३९ व्या वर्षीं, ३५ वा टप्पा जिंकला. हें ऐकून कोणी म्हणेल, “पाहा, धीराचें फळ!” पण एवढ्यानें माझें समाधान होत नाहीं. शेतकरी जमीन पडीक ठेवितो ती पुढल्या पिकाच्या आशेनें. ज्या म्हातारीस पुन्हां उठावयाचेंच नाहीं, तिच्या पडून राहण्यास कोणतें पीक? विसाव्याची योग्यता पुढल्या विजयावर ठरवूं लागलों, तर तिला आपण आधींच टाकून दिलें असें होईल.

ऑक्टोबर २०२० मध्यें बेल्जममधील एका शर्यतीनंतर हाच मनुष्य अश्रु ढाळीत म्हणाला होता कीं, ही कदाचित् आपली शेवटचीच शर्यत. पुढचे विजय तेव्हां कोणासच ठाऊक नव्हते, त्याला स्वतःलाही नाहीं. त्या दिवशीं, वाचकहो, त्याची किंमत कांहीं कमी होती काय?